दिवा लागत नाही, म्हणजे डबी मेली असे नव्हे!

इअरबड्सची चार्जिंग केस अचानक बंद पडल्यास काय तपासावे, काय टाळावे?

सूस (ता. मुळशी) - प्रसंग तसा क्षुल्लक. सकाळच्या घाईत हिंजवडीची वाट धरण्यापूर्वी खिशातील इवलीशी डबी उघडावी, तर आतला दिवाच लागत नाही. रात्रभर चार्जरला लावूनही डबी निपचित. केबल काढून पुन्हा जोडावी, पिन हलवून पाहावी, झाकणाची चार वेळा उघडझाप करावी, परिणाम शून्य. मग 'गेली वाटतं' असा निर्वाळा देऊन हात मोबाईलकडे वळतो, तो नव्या जोडीची ऑर्डर देण्यासाठीच. जुनी डबी आधी टेबलाच्या खणात आणि काही महिन्यांनी कचऱ्याच्या बादलीत जाते.

वास्तविक यातील अनेक डब्या मेलेल्या नसतातच. कुठे केबल जुळत नसते, कुठे तोंडात धूळ साचलेली असते, तर कुठे बॅटरी इतकी रिकामी झालेली असते, की दिवा पेटविण्यापुरतीही ताकद तिच्यात उरलेली नसते. पाचदहा मिनिटांच्या तपासणीने जो प्रश्न सुटू शकतो, त्यासाठी हजार-दोन हजार रुपये खर्च होतात आणि लिथियमची एक बॅटरी नको त्या ठिकाणी जाऊन पडते.

टेकड्यांच्या कुशीतील सूस हे गाव ३० जून २०२१ रोजी अन्य २२ गावांसह पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. एका बाजूला हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्या, दुसऱ्या बाजूला लवळ्याच्या टेकडीवरील विद्यापीठ आणि मधल्या भागात वाढलेल्या सोसायट्या, अशा या परिसरात कानात इअरबड्स नसलेला तरुण विरळाच. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये एअरपॉड्स जाहीर केले, तेव्हा ही चैनीची वस्तू होती. पुढे स्वस्त जोड्यांनी बाजार भरला, २०२० नंतर घरून काम आणि ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि ही डबी घड्याळ-पाकिटाइतकीच नित्याची झाली. तिच्या पोटात काय चालते, हे मात्र फारसे कोणी जाणून घेतले नाही.

डबीत असते तरी काय?

चार्जिंगची डबी म्हणजे एक छोटी पॉवर बँकच. तिच्यात साधारणतः ३०० ते ६०० मिलीॲम्पिअर-तास क्षमतेची लिथियम बॅटरी असते, तर प्रत्येक बडमध्ये तिच्या जेमतेम एक दशांश क्षमतेची. चार्जरमधून येणारी पाच व्होल्टची वीज एक नियंत्रक चिप बॅटरीला मानवेल अशा बेताने आत सोडते. बॅटरी पूर्ण भरली, की तिचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट होतो. त्याखेरीज बॅटरीवर संरक्षक सर्किट असते. ती प्रमाणाबाहेर भरू लागली, प्रमाणाबाहेर रिकामी झाली अथवा कुठे शॉर्टसर्किट झाले, तर हे सर्किट जोडणी तोडते.

झाकणात छोटे चुंबक असते आणि डबीत ते ओळखणारा संवेदक. झाकण उघडले की दिवा लागतो आणि बड्स मोबाईलशी जोडले जातात, ते याच संवेदकामुळे. खाचांच्या तळाशी स्प्रिंगवर बसविलेल्या पितळी टाचण्यांसारख्या पिना असतात व त्यांतून बड्सना वीज मिळते. सारांश, दिवा हा या साखळीतील शेवटचा दुवा आहे. मधला कोणताही दुवा निखळला तरी दिवा विझतो. उलटपक्षी, केवळ दिवा बिघडला असेल तर बाकी सारे सुरळीत असूनही डबी मेल्यासारखी दिसते. म्हणूनच पहिली चाचणी अगदी सोपी. बड्स डबीत ठेवून अर्ध्या तासाने मोबाईलवर त्यांची टक्केवारी पाहावी. ती वाढली असेल, तर बिघाड फक्त दिव्याचा आहे आणि त्यासाठी डबी टाकण्याचे कारण नाही. काही डब्यांचे दिवे चार्जिंग सुरू झाल्यावर काही सेकंदांनी आपोआप विझतात, हेही ध्यानात ठेवावे.

पहिला संशय केबलवर

बिघाडाची शंका आली, की लोक डबीकडे पाहतात. पाहायला हवे ते केबलकडे. बॅगेत दुमडून ठेवलेल्या, पिनेपाशी वाकलेल्या केबलच्या आतील तारा तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हा त्याच केबलने मोबाईल चार्ज होतो का, हे आधी पाहावे. नंतर भिंतीवरचे बटण, एक्स्टेंशन बोर्ड आणि अडॅप्टर बदलून पाहावे.

येथे एक चकवा आहे आणि तो अनेकांना फसवितो. मोबाईल त्या केबलने उत्तम चार्ज होतो, तरीही डबी ढिम्म राहते. नव्या चार्जरच्या केबलला दोन्ही टोकांना टाइप-सी पिन असते, तर जुन्या केबलच्या एका टोकाला चपटी, रुंद यूएसबी पिन असते. जुन्या पद्धतीच्या चार्जरच्या तोंडाशी पाच व्होल्ट सदैव हजर असतात. टाइप-सी चार्जर मात्र समोर खरोखरच वीज मागणारे उपकरण आहे, अशी खूण पटल्याखेरीज वीज सोडत नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या तोंडाशी बसविलेले ५.१ किलोओहमचे दोन रोधक. काही स्वस्त डब्यांत पैसे वाचविण्यासाठी हे रोधकच बसविलेले नसतात. तोंड टाइप-सीचे, पण खूण नाही! चार्जर मग दार उघडतच नाही. डबी आणि चार्जर दोघेही धडधाकट असतात, त्यांची ओळख पटत नाही इतकेच.

त्यावर उपाय म्हणजे डबीसोबत मिळालेली आखूड केबल शोधून काढावी व ती रुंद तोंडाच्या जुन्या चार्जरला किंवा संगणकाला जोडावी. दिवा तेथेच लागला, तर कोडे सुटले. दोनपैकी एकच रोधक बसविलेल्या डब्याही आढळतात. अशा डबीला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल जोडल्यास ती एका बाजूने चार्ज होते आणि पिन उलटी घातली की होत नाही. म्हणून पिन एकदा उलटी करून पाहण्यात शहाणपण आहे.

पॉवर बँकेचीही अशीच एक खोड असते. समोरचे उपकरण फारच थोडी वीज ओढत असेल, तर ते पूर्ण भरले असे समजून पॉवर बँक स्वतःच बंद होते. चाचणीसाठी ती वापरू नये. याउलट '६५ वॉटच्या चार्जरने डबी जळाली' ही समजूत बहुधा चुकीची असते. चांगला चार्जर सुरुवातीस पाच व्होल्टच देतो आणि उपकरण मागेल तेवढाच प्रवाह त्यातून जातो. हलक्या दर्जाच्या, नोंदणी नसलेल्या चार्जरबाबत मात्र ही हमी देता येत नाही. माहितीपत्रकात पाच व्होल्ट व एक ॲम्पिअरचा चार्जर सांगितला असल्यास तोच वापरणे हिताचे.

खिशातली धूळ, कानातला मळ

जीन्सच्या खिशात वावरणाऱ्या डबीच्या तोंडात कापसाचे तंतू आणि धूळ साचते. प्रत्येक वेळी पिन खुपसताना हा थर आत दाबला जातो आणि कालांतराने पिन पूर्ण बसेनाशी होते. पिन आत जाताना 'टक्' असा ठाम स्पर्श जाणवत नसेल किंवा ती सैल हलत असेल, तर हीच शक्यता अधिक. विजेरीच्या उजेडात तोंड पाहावे व लाकडी टूथपिकने मळ अलगद बाहेर काढावा. सुई, टाचणी वा पेपर क्लिप वापरू नये; आतल्या पिना वाकल्या किंवा एकमेकींना चिकटल्या, तर साधा दोष मोठा होतो. तोंडाने फुंकर मारण्याची सवयही बरी नव्हे, कारण फुंकरीबरोबर ओलावाही आत जातो.

बड्सच्या तळाशी असलेल्या चकत्या आणि खाचेतील पिना यांवर घाम व कानातील मळ बसून हिरवट-काळसर थर चढतो. डबीचा दिवा लागतो, पण एकच बड चार्ज होतो, अशी तक्रार असेल तर बहुधा कारण हेच. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी थोडा अंश घेऊन हा थर पुसावा, पूर्ण सुकू द्यावे आणि मगच बड्स आत ठेवावेत. कानातील रबरी टोपणे बदलली असल्यास ती आकाराने मोठी नाहीत ना, हेही पाहावे. त्यांच्यामुळे बड खाचेत नीट बसत नाही.

बॅटरी गाढ झोपते तेव्हा

परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या काळात महिनोन्‌महिने खणात पडून राहिलेली डबी ही निराळी गोष्ट. बंद असतानाही डबीतील सर्किट थोडी थोडी वीज खात असते. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली घसरला, की संरक्षक सर्किट जोडणी तोडते आणि डबी पूर्ण निद्रिस्त होते. अशी डबी चार्जरला लावताच दिवा लागेल, ही अपेक्षा चुकीची ठरते. नियंत्रक चिप प्रथम नेहमीच्या प्रवाहाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका प्रवाह देऊन बॅटरी हळूहळू जागी करते. दाब तीन व्होल्टच्या आसपास आला, की मग नियमित चार्जिंग सुरू होते. पाच मिनिटांत निराश होऊन केबल काढणाऱ्याला हे कळतच नाही. खात्रीच्या केबलने डबी किमान अर्धा तास, शक्य तर एक-दोन तास लावून ठेवावी. मात्र हे नजरेसमोर करावे. अंथरुणावर किंवा उशीखाली ठेवून नव्हे.

या सहनशीलतेलाही मर्यादा आहे. अतिशय रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ राहिलेल्या लिथियम बॅटरीत तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो व पुढे चार्ज करताना तो आतल्या आत शॉर्टसर्किट घडवू शकतो. त्यामुळे दोन तासांनंतरही जागी न होणारी बॅटरी बाहेरून थेट वीज देऊन 'झटका' देत जागविण्याचे प्रयोग घरी करू नयेत. सर्किटने तोडलेली जोडणी सुरक्षिततेसाठीच तोडलेली असते. डबी दीर्घकाळ वापरायची नसल्यास ती साधारण अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करावी.

कधीकधी बॅटरी शाबूत असते, पण नियंत्रक चिपच अडकून बसते. अशा वेळी रीसेट उपयोगी पडतो. डबीवर बटण असल्यास चार्जर जोडलेला ठेवून ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. बटण नसलेल्या डब्यांत दोन्ही बड्सना विशिष्ट वेळ स्पर्श करण्याची पद्धत असते. ती माहितीपत्रकात दिलेली असते.

पावसाची गाठ

मुळशीच्या पावसात दुचाकीवरून ये-जा करणाऱ्यांच्या डब्यांना ओलाव्याचा फटका बसतो. बड्सवर 'आयपीएक्स ४' असे मानांकन पाहून ग्राहक निर्धास्त होतो. त्याचा अर्थ चहूबाजूंनी उडणारे तुषार बड सोसू शकतो इतकाच आणि बहुतेक जोड्यांत हे मानांकन केवळ बड्सचे असते, डबीचे नव्हे. ओले बड्स डबीत ठेवणे हा तर डबी खराब करण्याचा राजमार्ग.

डबी भिजली असल्यास ती चार्जरला मुळीच लावू नये. बड्स काढून, झाकण उघडे ठेवून, तोंड खाली करून ती पंख्याच्या वाऱ्यात किमान २४ तास सुकू द्यावी. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्यास अधिक चांगले. तांदळात पुरून ठेवण्याचा घरगुती उपाय लोकप्रिय असला, तरी त्याचे दाणे-पीठ तोंडात शिरून नवा त्रास होतो. ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये भिजलेल्या फोनसाठी हा उपाय करू नये, असे ग्राहकांना सांगितले. हेअर ड्रायरची गरम हवा बॅटरीला मानवत नाही.

तपासणीचा क्रम

१. बड्स डबीत ठेवून त्यांची टक्केवारी वाढते का, ते पाहावे. वाढल्यास दोष फक्त दिव्याचा.

२. रुंद तोंडाचा जुना चार्जर आणि मूळ केबल वापरून पाहावे. टाइप-सी पिन एकदा उलटी करून जोडावी.

३. डबीचे तोंड उजेडात पाहून लाकडी काडीने साफ करावे.

४. दोन तास सलग, देखरेखीखाली चार्जिंग करावे.

५. माहितीपत्रकाप्रमाणे रीसेट करावे.

६. डबीत बिनतारी चार्जिंगची सोय असल्यास ती चकतीवर ठेवून पाहावी. तेथे दिवा लागला, तर बॅटरी ठीक असून बिघाड तोंडात आहे.

७. केबल आणि डबी यांच्यामध्ये जोडायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो. त्यावर प्रवाहाचा आकडा शून्य राहिला, तर वीज आतच जात नाही. ०.१ ते ०.५ ॲम्पिअर असा आकडा दिसला, तर डबी चार्ज होत आहे आणि बिघाड पुढे कुठेतरी आहे.

येथे हात आखडता घ्यावा

डबीचा सांधा उघडू लागला, झाकण पूर्वीसारखे बसेना, पृष्ठभाग फुगीर वाटला, गोडसर रासायनिक वास आला किंवा चार्जिंगच्या वेळी हाताला चटका बसण्याइतकी उष्णता जाणवली, तर वर सांगितलेला एकही उपाय करू नये. ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणे आहेत. चार्जिंग तत्काळ थांबवून डबी कागद-कपड्यांपासून दूर, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवावी. ती दाबून सपाट करण्याचा अथवा टोचून 'हवा काढण्याचा' प्रयत्न आग ओढवून घेतो.

हमीची मुदत संपली असेल आणि जोडी महागाची असेल, तर दुरुस्तीचा विचार करता येतो. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकाने आहेत आणि मोबाईल दुरुस्त करणारे अनेक कारागीर डबीचे तोंड किंवा बॅटरी बदलून देतात. बॅटरीवर अनेकदा '७०२०३०' यासारखा आकडा असतो. त्याचा अर्थ जाडी ७ मिलिमीटर, रुंदी २० आणि लांबी ३० मिलिमीटर. बदली बॅटरी त्याच मापाची आणि संरक्षक सर्किट बसविलेलीच असावी, असा आग्रह ग्राहकाने धरावा. एक गोष्ट मात्र खरी, की या डब्या खिट्ट्या आणि गोंदाने बंद केलेल्या असतात. त्या उघडण्यासाठी बनविलेल्याच नसतात. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमनाद्वारे १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, असे बंधन घातले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले.

हमी असेल, तर डबी उघडू नका

मुदत शिल्लक असताना दुकानात डबी उघडून घेणे म्हणजे हमीवर पाणी सोडणे. त्याऐवजी बिल, खोक्यावरील अनुक्रमांक आणि दिवा लागत नसल्याचे छोटे चित्रीकरण जवळ ठेवून कंपनीकडे लेखी तक्रार करावी व तक्रार क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही. हजार रुपयांच्या डबीसाठी कोणी आयोगापर्यंत जाईल का, हा प्रश्न रास्त असला, तरी हेल्पलाइनवरील तक्रारीला वेळ फारसा लागत नाही आणि खर्च तर काहीच नाही.

मेलेली डबी जाते कुठे?

सर्व उपाय करूनही दिवा लागला नाही, तर डबी टाकून द्यावी लागते. खरा प्रश्न येथून पुढे आहे. सूसकरांना कचऱ्याचे मोल नव्याने सांगायला नको. सूस रस्त्यावरील बाणेरच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पावरून रहिवासी आणि महापालिका यांच्यातील वाद वर्षानुवर्षे चालला. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये हा प्रकल्प बंद करण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. अशा कोणत्याही प्रकल्पाचे आरोग्य घराघरांत कचरा किती नीट वेगळा होतो, यावर अवलंबून असते. भाजीच्या देठांबरोबर बादलीत पडलेली लिथियमची बॅटरी गाडीच्या दाबयंत्रात चेंगरली, तर ती पेट घेऊ शकते. तिची पहिली झळ बसते ती कचरा उचलणाऱ्या आणि वेचणाऱ्या हातांना.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये लागू केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. त्याच नियमांनी बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळण्याचे कर्तव्य ग्राहकावरही सोपविले आहे. ई-कचऱ्याचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असते, ते याचसाठी. अशी डबी ई-कचरा संकलन मोहिमेत, अधिकृत संकलकाकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावी. तोवर तोंडावर चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी. सोसायटीच्या प्रवेशद्वारापाशी झाकणाचा एक डबा ई-कचऱ्यासाठी ठेवला आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी योग्य ठिकाणी पोचविला, तरी बराच प्रश्न सुटतो.

इवल्याशा दिव्याची ही गोष्ट एवढ्यासाठीच महत्त्वाची. डबी विझलेली दिसली, की आधी केबल बदलावी, मग तोंड साफ करावे आणि दोन तास वाट पाहावी. एवढे करूनही दिवा लागला नाही, तर नवी जोडी खुशाल घ्यावी. पण जुनी डबी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नये.